गावाविना वाढलेला समाज : वाशिमचे बंजारा तांडे आणि पोहरादेवी

वाशिम जिल्ह्याच्या पूर्व भागात, विशेषतः मानोरा तालुक्यात, डोंगरउताराला लागून बंजारा समाजाचे तांडे आहेत. जवळच्या गावापासून थोडे अंतर राखून, पाण्याच्या आणि गुराढोरांच्या चराईच्या सोयीने ते वसले. पुष्कळ तांडे आजही ते वसवणाऱ्या नाईकाच्या, म्हणजे तांडाप्रमुखाच्या, नावाने ओळखले जातात. याच तालुक्यातले पोहरादेवी हे देशभरच्या बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान आहे. रामनवमीच्या यात्रेला महाराष्ट्रासह तेलंगण, आंध्र, कर्नाटक आणि मध्य प्रदेशातून लाखो लोक येथे येतात. यात्रेकरूंच्या राज्यांच्या भाषा वेगवेगळ्या आहेत, सरकारी यादीतले त्यांचे प्रवर्गही वेगळे आहेत. पण येथे आल्यावर सगळे एकमेकांशी गोरबोलीत, म्हणजे समाजाच्या स्वतःच्या बोलीत, बोलतात आणि संत सेवालाल महाराजांच्या नावाने ‘जय सेवालाल’ म्हणून अभिवादन करतात.

या समाजाला महाराष्ट्रात बंजारा किंवा लमाण म्हणतात, तेलंगण आणि आंध्रात लंबाडा किंवा सुगाली, कर्नाटकात लंबाणी. स्वतः ते स्वतःला गोर किंवा गोरमाटी म्हणवतात आणि समाजाबाहेरच्या माणसाला ‘कोर’ म्हणतात. राठोड, पवार, चव्हाण, जाधव आणि आडे ही त्यांच्यातली परिचित कुळे. राजस्थानातून दक्षिणेत आल्याची आठवण गाण्यांत आणि वंशकथांत आहे, बोलीची ठेवणही राजस्थानी आहे. एका विशिष्ट गावातून निघालेला असा मात्र हा समाज नाही. कित्येक पिढ्या वाटेवरच जन्मल्या आणि वाटेवरच संपल्या. त्यामुळे इतरांना गाव जे देते, म्हणजे ओळख, न्याय, शेजार, सण आणि लग्नसंबंधांची चौकट, ते सगळे या समाजाने चालत्या तांड्यात उभे केले. बंजारा वारसा समजून घ्यायचा तर सुरुवात या चालत्या वस्तीपासूनच करावी लागते.

लदेणी म्हणजे बैलांच्या पाठीवर माल लादून करायचा व्यापारी प्रवास. मीठ, धान्य, डाळी आणि कापूस गोण्यांत भरून शेकडो मैल नेणे हा बंजाऱ्यांचा पिढीजात धंदा होता. चाकाच्या गाडीला रस्ता लागतो. लादलेला बैल घाट, जंगल आणि नदीचा उतार ओलांडून जातो. रस्ते नसलेल्या काळात अवजड आणि स्वस्त माल दूर पोचवण्याचा एवढाच परवडणारा मार्ग होता, कारण बैल वाटेतच चरत आणि त्यांच्या चाऱ्याचा खर्च मालाच्या किमतीवर पडत नसे. चरत चालायचे म्हटल्यावर वेग अर्थातच कमी. दिवसाकाठी दहा-बारा किलोमीटर वाट सरे. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याला १६३२ मध्ये उत्तर हिंदुस्थानात १४,००० बैलांचा एक तांडा भेटला होता. त्याच शतकातला फ्रेंच रत्नव्यापारी तावेर्निये याने या व्यापाऱ्यांचे चार वर्ग नोंदवले : एक गव्हासारखे धान्य वाहणारा, दुसरा तांदूळ, तिसरा डाळी आणि चौथा मीठ. बायकामुलांसह सगळे कुटुंब वाटेवरच असते, हेही त्याने पाहिले होते.

सैन्याला या लोकांची गरज बाजारपेठेइतकीच होती. छावणीत दाणागोटा पोचवणारा तांडा हा लढणारा पक्ष मानला जात नसे, म्हणून शत्रूच्या मुलखातूनही त्याला बऱ्याचदा वाट मिळे. मोगलांच्या दख्खन मोहिमा बंजाऱ्यांच्या बैलांवर चालल्या. १८०३ मध्ये आर्थर वेलस्ली वऱ्हाडात उतरला आणि अडगावची लढाई व गाविलगडाचा वेढा झाला, तेव्हा त्याच्या फौजेचे धान्यही बंजाऱ्यांनीच वाहिले. त्याच्या पत्रव्यवहारात तोफांच्या बरोबरीने या बैलांची चिंता दिसते. समाजाच्या स्मरणात या काळातली दोन नावे ठळक आहेत. दिल्लीच्या लखी शाह बंजारा यांनी १६७५ मध्ये गुरू तेगबहादुर यांचा देह स्वतःच्या घरात ठेवून घराला आग लावली आणि अंत्यसंस्कार पार पाडले. आज त्या जागी रकाबगंज गुरुद्वारा आहे. मध्य प्रदेशातल्या सागर शहराचे मोठे तळे लाखा बंजाऱ्याच्या नावाने ओळखले जाते. तांड्याच्या वाटेवर पाणी लागेच, त्यामुळे विहिरी आणि तळी बांधल्याच्या कथा या समाजाभोवती जागोजागी ऐकायला मिळतात.

वऱ्हाड हा लदेणीचा महत्त्वाचा टप्पा होता. पयनघाटातला, म्हणजे वऱ्हाडाच्या सखल भागातला, कापूस बैलांवर लादून थेट गंगेकाठच्या मिर्झापूरपर्यंत जाई आणि परतीच्या वाटेवर मीठ व इतर माल येई. आजच्या वाशिम जिल्ह्यातले कारंजा हे तेव्हा मोठे व्यापारी गाव होते. उंच पठार, अडाण आणि अरुणावतीसारख्या नद्या आणि मुबलक गायरान यांमुळे पावसाळ्यात बैल विसावायला हा मुलूख सोयीचा होता. पावसाळी मुक्कामाच्या अशा जागाच पुढे कायमच्या वस्तीच्या जागा झाल्या असाव्यात, असे तांड्यांच्या ठिकाणांकडे पाहिले की वाटते.

लदेणी मोडली ती आगगाडीने. १८५३ मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले आणि १८६७ पर्यंत मुंबईहून वऱ्हाडमार्गे नागपूरपर्यंत लोहमार्ग पोचला. ज्या मालाला बैलांच्या पाठीवर महिने लागत तो काही दिवसांत जाऊ लागला. मिठावरचा सरकारी कर आणि बंदोबस्त वाढत गेला आणि १८७८ च्या वन कायद्याने चराईची रानेही आवळली. एका पिढीच्या आत धंदा गेला आणि हजारो बैल बाळगण्याचे कारणच उरले नाही. त्यातच १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आणि १९११ व १९२४ मधली त्याची सुधारित रूपे आली. निरनिराळ्या प्रांतांत बंजाऱ्यांमधले अनेक गट या याद्यांत घातले गेले. फिरणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहणाऱ्या सत्तेने जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची ही रीत काढली, आणि तिचा डाग कायद्याहून जास्त काळ टिकला. कायदा रद्द होऊन या जमाती विमुक्त झाल्या त्या ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, म्हणजे देश स्वतंत्र झाल्यावर पाच वर्षांनी. त्या काळच्या इंग्रजी कागदपत्रांपैकी वऱ्हाड पोलिसांतले अधिकारी कंबरलेज यांची बंजाऱ्यांवरची पुस्तिका विशेष उल्लेखनीय आहे. १८८२ मध्ये ती पुन्हा छापली गेली आणि १९१६ मध्ये रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जातीजमातींवर लिहिलेल्या ग्रंथातले बंजारा प्रकरण मुख्यतः तिच्यावर उभे आहे. त्यात चालीरीतींची मोलाची नोंद आहे, पण ती पोलिसाच्या नजरेने टिपलेली आहे, हे वाचताना विसरून चालत नाही.

धंदा बुडालेले तांडे डोंगरकडेला थांबले. पुरुष शेतमजुरीला, जंगलतोडीला, गुरे राखायला लागले. ज्यांना पडीक जमीन मिळाली त्यांनी ती फोडून शेती केली. लगतच्या यवतमाळ जिल्ह्यात पुसदजवळचे गहुली हे याचे चांगले उदाहरण. चतुरसिंग नाईक यांनी आपला तांडा तेथे वसवला आणि त्याचे शेतकऱ्यांचे गाव झाले. त्यांचे नातू वसंतराव नाईक पुढे महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले.

स्थिर झाल्यावरही तांड्याची घटना बदलली नाही. प्रमुख नाईक. हे पद बहुधा घराण्यात चालते, पण तांड्याचा विश्वास गेला तर नुसत्या घराण्यावर ते टिकत नाही. चालत्या काळात वाट ठरवणे, मुक्काम ठरवणे, मालाचा सौदा करणे आणि सरकारदरबारी बोलणे ही त्याची कामे होती. त्याच्या मदतीला कारभारी. हसाबी आणि नसाबी हिशेब व न्यायाच्या कामात असतात, आणि जाणत्या वृद्धांना डायसाणे म्हणतात. भांडण, सोडचिठ्ठी, कर्ज, पळून जाऊन केलेले लग्न असे प्रश्न या पंचांपुढे येत. दोन्ही बाजू ऐकून दंड ठरे आणि तो तांड्याच्या सामाईक कामाला वापरला जाई. नाईकाच्या पत्नीला, नायकणीला, बायकांच्या व्यवहारात तसाच मान असे. पोलीस ठाणे आणि न्यायालय आल्यानंतर या पंचायतीचा अधिकार आटला, ग्रामपंचायतीने तिची बरीच कामे घेतली. तरी लग्न ठरवताना, सणाची सुरुवात करताना नाईकाच्या ओट्यावर जाण्याची रीत पुष्कळ तांड्यांत टिकून आहे. या पंचायतीत बाईला स्वतःची बाजू मांडायला फार कमी जागा होती, ही तिची मोठी उणीव. समाजातल्या सुधारकांनीही तिच्यावर बोट ठेवले आहे.

कुळांची मांडणी हे तांड्याचे दुसरे सूत्र. प्रत्येक कुळाच्या अनेक शाखा आहेत. परंपरेने राठोडांच्या सत्तावीस, पवारांच्या बारा आणि चव्हाणांच्या सहा शाखा मोजल्या जातात. एकाच कुळात लग्न होत नाही. शेकडो मैल दूरच्या अनोळखी तांड्यात माणूस गेला तरी कूळ आणि शाखा सांगताच त्याचे नाते लागते : तो भाऊ ठरतो, सोयरा ठरतो किंवा मामाकडचा ठरतो. या वंशावळी तोंडपाठ ठेवण्याचे काम ढाडींचे. हे समाजाचे गायक तांड्यातांड्यांतून फिरत, घराण्यांचे वर्णन गात आणि त्याबद्दल दान घेत. लेखी दप्तर नसलेल्या समाजाचे दप्तर ढाडीच्या गळ्यात होते. म्हणून एखादा वृद्ध ढाडी गेला की किती तांड्यांच्या आठवणी त्याच्याबरोबर जातात, याचा हिशेबच करता येत नाही. ही गाणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम जितके लवकर आणि जितके नेटाने होईल तितके चांगले.

बंजारा वारशाचा सर्वांत डोळ्यांत भरणारा भाग म्हणजे स्त्रियांचा वेश. घेरदार घागरा म्हणजे फेटिया, पाठ उघडी ठेवणारी आरशांची कांचळी, डोक्यावरून घेतलेली भरतकामाची ओढणी. हातांत कोपरापासून वर चढत गेलेल्या पांढऱ्या बलिया, केसांत गुंफलेल्या चांदीच्या टोपल्या आणि गळ्यात हासळी. आरसे, कवड्या, शिसे आणि नाणी टाकून केलेले हे शिवणकाम बायका फावल्या वेळात करीत आणि लेकीच्या लग्नासाठी साठवीत. एका फेटियाला महिने लागत. घर नसलेल्या कुटुंबाची शिल्लक अंगावरच वागवली जाई, त्यामुळे दागिन्यांचे वजन हे हौसेइतकेच सुरक्षिततेचेही होते. आज वाशिममधल्या तांड्यांत हा वेश साठी ओलांडलेल्या बायकांच्या अंगावर उरला आहे. तरुणी साडी किंवा पंजाबी ड्रेस वापरतात आणि फेटिया सणाला, लग्नाला काढतात. कर्नाटकात याच कलेला बाजार मिळाला. तेथील संडूर लंबाणी भरतकामाला २०१० मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, आणि २०२३ मध्ये हंपीला जी-२० गटाच्या संस्कृतीविषयक बैठकीच्या वेळी या भरतकामाच्या १,७५५ नमुन्यांचे प्रदर्शन जागतिक विक्रम म्हणून नोंदले गेले. विदर्भातल्या बायकांच्या हातात तेवढेच कसब असूनही येथे अशी संघटित घडी बसलेली नाही.

सण तांड्याला एकत्र बांधतात. होळी सर्वांत मोठी. आधीचे काही आठवडे रात्री पुरुष आणि बायका फेर धरून लेंगी गातात. डफाच्या ठेक्यावर चालणाऱ्या या गाण्यांत थट्टा, तक्रार, देवाचे स्मरण आणि ताज्या घटनांवरची टीका सगळेच येते. नाचणारे पुरुष गेरिया आणि बायका गेरणी. वर्षभरात ज्या घरी मुलगा झाला तेथे धुंड साजरा होतो : गेरिया दारी जमतात, काठ्यांचा गजर करीत बाळाला आशीर्वादाची गाणी म्हणतात आणि घरचे त्यांना गोडधोड देतात. अलीकडे काही कुटुंबे मुलीच्या जन्माचाही धुंड करू लागली आहेत, ही चांगली सुरुवात आहे.

श्रावणातली तीज कुमारिकांची. टोपल्यांत माती आणि खत घालून त्या गहू पेरतात, नऊ दिवस गाणी म्हणत पाणी घालतात आणि शेवटी वाढलेली रोपे वाजतगाजत विसर्जित करतात. भावंडांना, वडीलधाऱ्यांना त्यातली पाती दिली जातात. परगावी कामाला गेलेली माणसे तीजेसाठी तांड्यावर येतात. दिवाळीच्या अमावास्येला काळी मावस म्हणतात. त्या रात्री मुली दिवे घेऊन नाईकाच्या घरापासून सुरुवात करून घरोघर जातात आणि सर्वांना ‘मेरा’ मागतात, म्हणजेच वर्ष सुखाचे जावो अशी शुभेच्छा गातात. दुसऱ्या दिवशी धबकार, म्हणजे चुलीतल्या निखाऱ्यांवर तूप आणि लापशी घालून पूर्वजांची नावे घेत दिलेला घास. गावाचा पिंपळ किंवा स्मशान एका जागी नसलेल्या लोकांनी आपले पितर चुलीशी आणले, हे ध्यानात घेतले की या विधीचे मोल कळते. लग्नातली पाठवणीची गाणीही अशीच हृदय हलवणारी असतात. पूर्वी नवरी सजवलेल्या बैलावर उभी राहून हवेली गात माहेरचा निरोप घेत असे, आणि मैत्रिणींच्या गळ्यात पडून ढावलो म्हणत असे. रडण्याला चाल देणारी ही परंपरा मंगल कार्यालयातल्या लग्नांत मागे पडली आहे.

या सगळ्याच्या मध्यभागी संत सेवालाल महाराजांची मूर्ती आहे. त्यांचा जन्म १५ फेब्रुवारी १७३९ चा मानतात. जन्मस्थान एका परंपरेनुसार आंध्रातल्या गुत्तीजवळचे गोल्लालदोड्डी, दुसरीनुसार कर्नाटकातले सुरगोंडनकोप्प. वडील भीमा नाईक, आई धरमणी, आणि कुटुंबाचा धंदा लदेणीचा. कथेप्रमाणे जगदंबेने त्यांना आपला भक्त होण्यास सांगितले, त्यांनी नकार दिला, तांड्यावर संकटांमागून संकटे आली आणि अखेर त्यांनी देवीची सेवा स्वीकारली. अविवाहित राहून, तोळाराम नावाच्या घोड्यावर तांडे पालथे घालीत त्यांनी व्यसन सोडा, खोटे बोलू नका, पाणी आणि रान जपा, आपापसांत भांडू नका असे सांगितले. १८०६ मध्ये त्यांचे निधन झाले आणि समाधी पोहरादेवीला झाली. शेजारच्या उमरीला जेतालाल महाराजांची समाधी आणि सामकी मातेचे मंदिर आहे. भक्त दोन्ही ठिकाणी जातात. पूजेचे स्वरूप साधे आहे : पांढरा झेंडा, निखाऱ्यांवर तुपाचा आणि लापशीचा भोग, आणि सगळ्यांनी मिळून म्हटलेली अरदास, जिच्यात स्वतःसाठी मागण्याआधी सर्व जिवांचे भले मागितले जाते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहरादेवीच्या गादीवर सेवालाल महाराजांच्या घराण्यातले रामराव महाराज होते. त्यांनी अनेक राज्यांतले तांडे फिरून दारूबंदीचा आणि शिक्षणाचा आग्रह धरला. त्यांच्या फिरण्यामुळे विदर्भातले एक स्थान दक्षिणेतल्या तांड्यांनाही आपले वाटू लागले. ऑक्टोबर २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

परमुलखात गेलेले लोक मंडळ काढतात ते बहुधा मागे राहिलेल्या जागेच्या नावाने. एकोणिसाव्या शतकात दुष्काळाने देश सोडलेल्या आयरिश लोकांनी न्यू यॉर्कमध्ये कॉर्क, मेयो अशा आपापल्या परगण्यांच्या नावाने संघ उभे केले. लंडनला मराठी माणसांनी १९३२ मध्ये महाराष्ट्र मंडळ स्थापन केले. बंजाऱ्यांना मागे पाहावे असे गाव नव्हते. त्यांची संघटना गुरूच्या समाधीभोवती आणि विमुक्त झालेल्या लोकांच्या हक्कांभोवती उभी राहिली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला दिग्रस-पुसद परिसरातल्या कार्यकर्त्यांनी अखिल भारतीय बंजारा सेवा संघाची उभारणी केली. वसंतराव नाईक आणि रामसिंग भानावत ही त्यातली प्रमुख नावे. निरनिराळ्या राज्यांतले लमाण, लंबाडा आणि सुगाली एकच आहेत ही जाणीव संघाच्या अधिवेशनांनी पक्की केली. मुलांना शाळेत घाला, लग्नातला खर्च आणि दारू कमी करा, तांड्याला पाणी आणि रस्ता मागा, हे त्या काळचे विषय होते. वसंतराव नाईक ५ डिसेंबर १९६३ पासून २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत मुख्यमंत्री होते. गुन्हेगार जमातींचा कायदा जाऊन जेमतेम अकरा वर्षे झाली असताना तांड्यातला माणूस राज्याच्या प्रमुखपदी बसला, याचा समाजाच्या आत्मविश्वासावर झालेला परिणाम कोणत्याही योजनेहून मोठा होता. त्यांचा जन्मदिवस, १ जुलै, राज्यात कृषी दिन म्हणून पाळला जातो. पुढे आश्रमशाळा निघाल्या, शिकलेली पिढी आली आणि तिने लिहायला घेतले. आत्माराम राठोड यांचे ‘तांडा’ हे आत्मकथन आणि मोतीराज राठोड यांचे लेखन यांतून हे जग मराठी वाचकांसमोर आतल्या माणसाच्या शब्दांत आले.

पोहरादेवीला वारसा संग्रहालय उभारण्याच्या कामाचे भूमिपूजन ३ डिसेंबर २०१८ रोजी झाले आणि ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. नंगारा या वाद्याच्या आकाराची ही चार मजली इमारत आहे. भजनाच्या आणि उत्सवाच्या वेळी तांड्याला एकत्र बोलावणारे हे वाद्य, म्हणून तो आकार निवडला गेला. तेरा दालनांतून लदेणी, पोशाख, संत, नेते आणि चळवळी यांची ओळख करून दिली आहे.

तांड्यांचे दैनंदिन प्रश्न मात्र संग्रहालयाने सुटणारे नाहीत. कोरडवाहू जमिनीचे तुकडे लहान, कापूस आणि सोयाबीन पावसाच्या भरवशावर. दिवाळीनंतर कित्येक घरांना कुलूप लागते. जोडपी ऊसतोडीला, बांधकामाला, वीटभट्टीला पुणे, मुंबई किंवा पश्चिम महाराष्ट्राकडे जातात आणि मुले आजी-आजोबांकडे राहतात किंवा बरोबर जाऊन शाळेला मुकतात. आरक्षणाचा प्रश्नही जुना आहे. महाराष्ट्रात हा समाज विमुक्त जाती ‘अ’ प्रवर्गात आहे, कर्नाटकात अनुसूचित जातींत, तर तेलंगण आणि आंध्रात अनुसूचित जमातींत. एकाच समाजातली, एकमेकांत सोयरीक करणारी माणसे राज्याची सीमा ओलांडताच वेगळ्या प्रवर्गात जातात. मराठा आरक्षणासाठी निजामकाळातल्या हैदराबाद गॅझेटचा आधार घेतला गेल्यावर सप्टेंबर २०२५ मध्ये बंजारा समाजाने त्याच आधाराने अनुसूचित जमातीच्या दर्जाची मागणी करीत मोठे मोर्चे काढले. आदिवासी संघटनांचा या मागणीला विरोध आहे.

बोलीची स्थितीही अशीच विभागलेली आहे. २०११ च्या जनगणनेत लमाणी किंवा लंबाडी ही मातृभाषा सांगणारे बत्तीस लाखांहून अधिक आणि बंजारी सांगणारे सुमारे सोळा लाख लोक होते. दोन्ही आकडे हिंदी भाषेच्या एकूण संख्येत मिळवले गेले. गोरबोलीला स्वतःची रूढ लिपी नाही. ती वाशिममध्ये देवनागरीत लिहिली जाते, हैदराबादकडे तेलुगू लिपीत आणि विजापूरकडे कन्नडमध्ये. त्यामुळे मानोऱ्याच्या तरुणाला तेलंगणातल्या नातेवाइकाचे बोलणे समजते, त्याने छापलेले गाणे मात्र वाचता येत नाही. सामाईक लिपी म्हणून देवनागरी घ्यावी, की प्रत्येक राज्याने आपापली लिपी ठेवून शब्दकोश आणि ध्वनिमुद्रणांवर भर द्यावा, यावर लेखक आणि कार्यकर्ते अजून चर्चा करीत आहेत.